दगडूच्या नावानं चांगभलं

संध्याकाळी साडेसहाला पनवेलजवळच्या करंजाड्यातल्या आमच्या बागेत नुसतं बाकावर बसून राहिलं, तरी नव्या पिढीचं अख्खं हजेरीपत्रक कानावर पडतं. "रेयांश, घसरगुंडीवर उलटा चढू नकोस!" "कियांश, तिची सायकल दे बघू!" "विवांश, माती तोंडात घालायची नाही!" मग दिव्यांश, हितांश, शिवांश, श्रेयांश. वाऱ्यावर शेवटचं 'आंश' तेवढं नीट ऐकू येतं. पाच पोरं एकदम माना वळवतात, हाक मारणारी आपली आई नाही असं दिसल्यावर त्यातली चार पुन्हा मातीकडे वळतात आणि पाचवं धपाटा खातं. मी शाळेत मराठी शिकवायचो, पण गणिताचे शिक्षक रजेवर गेले की अपूर्णांकही माझ्याच गळ्यात पडायचे. त्यामुळे माझी शंका एवढीच आहे, की करंजाड्यात इतके अंश जमलेत, तर छेद कुठे राहिला?

मराठीचा मास्तर निवृत्त झाला की सोसायटीत त्याची दोन कामं ठरलेली. गणपतीच्या अहवालातलं शुद्धलेखन तपासायचं आणि होऊ घातलेल्या बाळांना नावं सुचवायची. अहवालाचं काम सोपं आहे, कारण तो कोणी वाचत नाही. नावासाठी येणारे मात्र अटींची यादी घेऊनच येतात. नाव युनिक हवं. संस्कृत हवं, पण जुनाट नको. दोन अक्षरी हवं, फार तर अडीच. न्यू जर्सीतल्या आत्याला उच्चारता आलं पाहिजे. अंकशास्त्रात बसलं पाहिजे. बिल्डिंगमध्ये आधी कोणाचं नसावं. आणि सुरुवात 'र' किंवा 'त'नं, कारण गुरुजींनी तसं सांगितलंय. एका तरुण बापानं तर मला स्वच्छ सांगितलं, "सर, अर्थ आम्हाला नाही कळला तरी चालेल, पण अर्थ पाहिजे."

अर्थाची जबाबदारी आता मोबाइलनं घेतलीय, म्हणून मी वाचलो. कुठलंही नाव टाका, अर्थ येतो तो 'तेजस्वी', 'परिपूर्ण' नाहीतर 'भगवान विष्णूंचं एक नाव'. महाभारतात विष्णूला हजार नावं दिली आहेत. ती पुरेना झाली असावीत, म्हणून पुढची भर मोबाइलवाले घालताहेत. विष्णूनं अजून हरकत घेतलेली नाही.

तर अशा या गावात, म्हणजे सिडकोच्या नोडमध्ये, मला दगडू भेटले.

एका बारशाला गेलो होतो. गच्चीवर मांडव, फुग्यांची कमान, केक, आणि एक मोठा काळा फुगा. तो फोडला की आतून बाळाचं नाव छापलेली चिटोरी उडणार, अशी योजना होती. बाळाच्या कानात कुर्रर्र करायला आलेल्या आत्याबाई फुग्याच्या बाजूला काहीशा बेरोजगार झाल्यासारख्या उभ्या होत्या. फुगा फुटला, बाळ घाबरून रडलं, टाळ्या पडल्या. माझ्या शेजारी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर पांढरी टोपी घातलेले एक म्हातारे बसले होते. आमची इमारत ज्या प्लॉटवर उभी आहे, त्याचे मूळ मालक. त्यांनी विचारलं, "पोराचा नाव काय ठेवला?" मी सांगितलं. त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा मीच चिटोरं त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते लांब धरून पाहिलं आणि म्हणाले, "बरा हाय. मना नाय जमाचा. मी आपला बाला बोलन."

मग मी त्यांचं नाव विचारलं. म्हणाले, "दगडू."

समोर उभ्या असलेल्या एका अंशाला हसू फुटलं. आईनं डोळे वटारले, तरी त्यानं विचारलंच, "आजोबा, पण रिअल नेम काय?"

"ह्योच रियल," आजोबा म्हणाले, आणि त्यांनी मान वर करून उजवी नाकपुडी दाखवली. तिथे एक तिळाएवढा खळगा होता. कडा केव्हाच बुजून गेलेल्या, पण बोट लावलं की कळेल असा. त्यांच्या आधीची चार भावंडं पाळण्यातच गेली. पाचवा हा झाला, तेव्हा आजीनं त्याला आंघोळसुद्धा घालू दिली नाही. तशाच अंगानं सुपात घातलं, सूप शेजारणीच्या ओटीत दिलं आणि म्हणाली, घे, हे तुझं. मग मूठभर तांदूळ देऊन शेजारणीकडून ते परत विकत घेतलं. आता तो घरातला नव्हता, बाजारातून आणलेला माल होता. नाक टोचलं, म्हणजे वाटेनं जाणाऱ्याला पोरगी वाटावी. आणि नाव ठेवलं दगडू. "धोंडा कोन नेनार?" आजोबा म्हणाले, आणि केकचा तुकडा टोपीला लागू नये अशा बेतानं तोंडात टाकला.

केवढा हा बंदोबस्त! बँकेच्या लॉकरलासुद्धा दोनच किल्ल्या असतात. इथे मालकी बदलली, ओळख बदलली, आणि वर मालाची किंमत शून्य दाखवली. हे सगळं कोणाविरुद्ध? तर पाचवीच्या रात्री येऊन कपाळावर लिहून जाणारी सटवाई, शेजारपाजारची दृष्ट, आणि ज्याची वेळ आली नाही त्यालाही उचलणारा यम. या मंडळींना चांगलं तेवढं आवडतं, अशी पक्की खात्री होती. पाळण्यात माणिक, हिरा, राजाराम दिसला की न्यायचा मोह होणारच. दार वाजवून विचारलं, आत कोण आहे? दगड आहे. मग बरं, पुढच्या घरी बघतो.

हसू येतं खरं. पण शंभर वर्षांपूर्वी आपल्या देशात जन्मलेल्या हजार बाळांतली दोनशेच्या आसपास वर्षाच्या आत जायची. २०२० च्या नमुना नोंदणीत महाराष्ट्राचा हाच आकडा १६ आहे. दोनशे आणि सोळा यांच्या मधल्या जागेत लसी आल्या, स्वच्छ पाणी आलं, दवाखाने आले. त्याआधी त्या जागेत जे काही होतं, त्यात सूप होतं, मूठभर तांदूळ होते आणि दगडू हे नाव होतं. ज्या घरात ओळीनं पाळणे रिकामे झाले, त्या घरानं 'युनिक' शोधत बसायचं म्हणजे फारच झालं.

दगडूचं गोत्र मोठं आहे. धोंडू, धोंडिबा, धोंडो हे सख्खे. केरावरून केरू, केरबा. भीक मागून आणला म्हणून भिकू, भिकाजी. विदर्भात उकिरड्यावर टाकून उचलला तो उकंडा, आणि त्याचा पुढे रीतसर उकंडराव. नाक टोचलं म्हणून नथू. सगळेच काही दुःखातून आलेले नाहीत, हेही सांगितलं पाहिजे. अधिक महिन्याला आपण धोंडा म्हणतो, आणि त्या महिन्यात जन्मलेल्यालाही धोंडू म्हणून मोकळे होत. म्हणजे एक धोंडू यमाला चुकवायला आणि दुसरा पंचांगाला धरून. शिकल्या-सवरल्या घरात अशाच वेळी 'पुरुषोत्तम' ठेवत. महिना तोच, फक्त दक्षिणा जास्त.

हा बंदोबस्त चालायचा का? शास्त्राला विचारू नका, पण महर्षी कर्व्यांकडे बघा. नाव धोंडो. जन्म १८५८. शंभरी गाठली तेव्हा, १९५८ मध्ये, भारतरत्न मिळालं, आणि गेले ते १९६२ मध्ये, एकशे चार वर्षांचे होऊन. यमाच्या कचेरीत त्यांची फाइल 'बांधकाम साहित्य' या सदरात गेली असावी. दुसरे आमच्या रायगडचे, अलिबागजवळच्या नागावचे केरूनाना छत्रे. मूळ नाव विनायक, पण जगाला माहीत ते केरो लक्ष्मण. गणिती, ज्योतिर्विद, लोकमान्य टिळकांचे गुरू. कर्वेही फर्ग्युसनमध्ये गणितच शिकवत. एक धोंडा, एक केर, आणि दोघंही गणिताचे प्राध्यापक. पुढे आम्ही मास्तर मंडळींनी वर्गातल्या ढ पोराला 'दगड' म्हणायची प्रथा कशी पाडली, याचा खुलासा शिक्षण खात्यानं करावा.

ही युक्ती आपलीच आहे असं समजून छाती फुगवायचं कारण नाही. मंगोलियात 'नेरगुई' नावाची माणसं आहेत, अर्थ 'नाव नाही'. 'एनेबिश' आहेत, अर्थ 'हा नव्हे'. यम आला, हजेरी घेतली, तू कोण? नाव नाही. मग तू? हा नव्हे. गेला बिचारा पुढच्या तंबूत. चीनच्या खेड्यांतून पोराचं लाडाचं नाव 'कुत्र्यानं उष्टं टाकलेला' अशा अर्थाचं असायचं. तमिळमध्ये 'पिच्चै' म्हणजे भिक्षा, आणि आपल्या भिकाजीसारखंच ते नाव तिकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. गूगलच्या प्रमुखाच्या नावातला पिचई तोच. अर्थासाठी उठसूट गूगलकडे धावणाऱ्यांनी हे एकदा तिथंच शोधावं.

आणि फार मागं जायचं तर ऐतरेय ब्राह्मणात जावं लागेल. तिथे अजीगर्त नावाच्या ऋषीला तीन मुलगे आहेत. शुनःपुच्छ, शुनःशेप आणि शुनोलाङ्गूल. तिन्ही नावं कुत्र्याच्या शेपटाच्या आसपास घोटाळणारी. संस्कृत नाव हवं म्हणून येणाऱ्यांना मी ही तीन सुचवून पाहिली आहेत. थोरला बापाचा लाडका, धाकटा आईचा, म्हणून मधला शुनःशेप शंभर गाईंना यज्ञात बळी द्यायला विकला गेला. खांबाला बांधला, तेव्हा त्यानं देवांची स्तुती केली, एकेक पाश गळून पडला आणि पोरगा सुटला. विश्वामित्रानं त्याला पदरात घेतला आणि पहिलं काम काय केलं? नाव बदललं. देवरात. हल्ली आपण नाव बदललं की राजपत्रात छापतो, त्याची पहिली नोंद हीच म्हणायला हरकत नाही.

इथवर सगळं गोड आहे, पण हे नाव नेहमीच आईनं मायेनं ठेवलेलं नसे. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात नावं कशी असावीत याचा नियम आहे. ब्राह्मणाचं मंगल, क्षत्रियाचं बळ दाखवणारं, वैश्याचं धनाचं, आणि शूद्राचं जुगुप्सित, म्हणजे ऐकणाऱ्याला घृणा वाटेल असं. म्हणजे एका घरात दगडू हे यमाविरुद्धचं चिलखत होतं आणि दुसऱ्या घरात तो गावानं कपाळावर मारलेला शिक्का होता. बाहेरून दोन्ही नावं सारखीच दिसायची. कवी दया पवार यांचं मूळ नाव दगडू मारुती पवार. १९७८ च्या 'बलुतं'मध्ये हा दगडू आणि लिहिता-वाचता झालेला दया पवार समोरासमोर बसतात आणि दगडू आपली कहाणी सांगत जातो. ते पुस्तक वाचल्यावर या नावाला हसताना माणूस जरा जपून हसतो. निदान जपावं.

पण नावाचा इरसालपणा असा, की ते तिथेही थांबत नाही. पुण्यात दगडूशेठ हलवाई होते. मुलगा गेल्याच्या दुःखात त्यांनी आणि त्यांच्या पत्नीनं दत्त आणि गणपती यांच्या मूर्ती केल्या, असं मंदिराची परंपरा सांगते. पुढे तो गणपती इतका मोठा झाला, की नावातले हलवाई गेले, गणपतीही गेला आणि देवच दगडूशेठ झाला. "जरा दगडूशेठला जाऊन येतो," असं पुणेकर म्हणतो, तेव्हा तो मिठाईवाल्याकडे चाललेला नसतो. देवानं सुद्धा ज्याच्याकडे बघू नये म्हणून जे नाव शोधलं गेलं, ते नाव देवालाच चिकटलं. आपल्याकडे दगडाला शेंदूर फासला की काय होतं हे म्हसोबा-खंडोबाच्या मुलखात वेगळं सांगायला नको.

तिकडे ख्रिस्ताच्या शिष्यमंडळात सायमन नावाचा कोळी होता. त्याचं नाव बदलून पीटर ठेवलं. पीटर म्हणजे खडक, आणि या खडकावर मी माझं चर्च उभारीन असं सांगितलं गेलं. वसईतले सगळे पीटर, गोव्यातले सगळे पेद्रू, फ्रान्समधले पियेर हे आपल्या दगडूचे नात्यानं भाऊच. त्यांचा दगड पायात घालायचा, आपला कोणी उचलू नये म्हणून वाटेवर टाकायचा. नात्यातली गरिबी-श्रीमंती असते ती ही. करंजाड्यात कोणी पोराचं नाव 'पीटर' ठेवलं तर आधुनिक म्हणतील. दगडू ठेवलं तर सासरचे बोलणं टाकतील. २०१४ मध्ये 'टाइमपास' सिनेमा आला तेव्हा त्यातल्या नायकामुळे दगडू पुन्हा पोरांच्या तोंडी बसला. पण टोपणनाव म्हणून, दाखल्यावर नाही.

भीती मात्र जुनीच आहे, तिची फक्त सोय बदलली. त्या बारशाचे फोटो रात्री सोसायटीच्या ग्रुपवर आले. आईबाप हसताहेत, आत्या हसतेय, आणि बाळाच्या तोंडावर ठसठशीत पिवळा हसरा गोळा चिकटवलेला. दृष्ट लागते ना! साठ फोटोंत बाळाचा चेहरा एकातही नाही. नाव सगळ्या जगाला फुगा फोडून सांगायचं आणि तोंड झाकायचं, असा हा नवा बेत. जुन्यांनी तोंड उघडं ठेवून नाव झाकलं होतं. दोन्हींत काळी तीट कायम आहे, ती हल्ली फक्त बोटानं फोनवर लावतात. आमच्याकडे नव्या इमारतींच्या स्लॅबला भुताचं काळं तोंड टांगलेलं असतं, त्याच्या खालून सव्वा कोटीच्या फ्लॅटचं बुकिंग चालतं. नवी गाडी शोरूममधून निघते ती लिंबू-मिरची लावूनच, विम्याच्या पावतीच्या बरोबर. यमाला फसवायचा खर्च वाढला, एवढंच.

या भागाला नावाचं महत्त्व कोणी शिकवायची गरज नाही. नवी मुंबईच्या विमानतळाला दिबांचं, म्हणजे दिनकर बाळू पाटलांचं, नाव मिळावं म्हणून २४ जून २०२१ रोजी हजारो माणसं बेलापूरला सिडको भवनाला घेराव घालायला गेली होती, भर कोविडात. जासईचे दिबा. त्यांच्याच नेतृत्वाखाली जानेवारी १९८४ मध्ये याच पट्ट्यात जमिनीच्या मोबदल्यासाठी शेतकरी रस्त्यावर उतरले, गोळीबारात पाच जण गेले, आणि त्यातून साडेबारा टक्के विकसित जमिनीची योजना आली. करंजाड्यातल्या कित्येक इमारती त्या साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवर उभ्या आहेत. भाताची खाचरं गेली, उलव्याची टेकडी सुरुंग लावून सपाट झाली, डंपरभर दगड सगळीकडे पोचला. फक्त पाळण्यात पोचायचा बंद झाला.

जमिनीबरोबर नावाचाही भाव वाढतो, हे पनवेल-उरणकडे राहिल्याशिवाय कळत नाही. आमच्या दगडू आजोबांच्या सातबाऱ्यावर तलाठ्यानं 'दगड्या' लिहिलं होतं. शेत कसणाऱ्याला अख्खं नाव द्यायची तेव्हाच्या दफ्तरात पद्धत नव्हती. मोबदल्याच्या यादीत ते 'दगडू' झाले. प्लॉट बिल्डरला दिला त्या वर्षापासून लग्नपत्रिकांत, बॅनरवर आणि क्रिकेटच्या स्पर्धेच्या ट्रॉफीवर 'दगडूशेठ'. इकडे 'शेठ' हे आडनावासारखंच लागतं, पण त्याच्या मागे काही गुंठे असावे लागतात. आणि शेवटी ओळखपत्र काढणाऱ्या पोरानं इंग्रजीत नाव टाकलं, यंत्रानं त्याचं पुन्हा मराठी केलं, ते निघालं 'दागाडू'.

प्लॉटच्या कागदांसाठी ही चार माणसं एकत्र हजर करायची वेळ आली, तेव्हा खिडकीतला कारकून म्हणाला, नाव जुळत नाही. यमाला चकवायला ठेवलेलं नाव ऐंशी वर्षांनी एका टेबलाला चकवून बसलं होतं. टेबल यमापेक्षा चिवट निघालं. यमानं निदान पुरावा मागितला नव्हता. शेवटी नातवानं स्टॅम्पपेपर आणला आणि मला बोलावलं, मास्तर, जरा मसुदा बघा. मी शुद्धलेखन तपासलं. 'दगड्या, दगडू, दगडूशेठ आणि दागाडू या वेगवेगळ्या व्यक्ती नसून एकच इसम आहे, हे मी शपथेवर सांगतो.' नोटरीनं चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, "आजोबा, यातले तुम्ही नक्की कोण?"

आजोबांनी अंगठ्याला शाई लावून घेतली, कागदावर दाबला आणि म्हणाले, "चारी मीच. पन पलॉट येकच भेटला."